नर्सिंग होममध्ये फ्लोअर सोडून एमडीएसकडे वळावं का?

मुक्ता_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी. इथे नर्सिंगमधले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

मी मूळची सोलापूरची, बीएस्सी नर्सिंग. लग्नानंतर एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर) इकडे आले, वर्क परमिट हातात आल्यावर एनक्लेक्स (इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) दिली आणि सध्या न्यू जर्सीत एका नर्सिंग होममध्ये संध्याकाळच्या शिफ्टला चार्ज नर्स आहे. आमची एमडीएस कोऑर्डिनेटर निवृत्त होतेय. डीओएनने (डिरेक्टर ऑफ नर्सिंग) मला बाजूला घेऊन विचारलं, "तू करशील का? शिकवू आम्ही."

दिवसपाळी, शनिवार-रविवार मोकळे, मुलगा चौथीत. या बाजूने मोह आहेच. पण फ्लोअरवरच्या, म्हणजे वॉर्डात काम करणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, ऑफिसात बसून बटणं दाबशील आणि हातातलं क्लिनिकल जाईल. नवरा म्हणतो, त्यापेक्षा हॉस्पिटलमध्ये जा. आरएसी-सीटी नावाचं सर्टिफिकेट असतं म्हणे, ते आधी करावं की नोकरी धरल्यावर? आणि या वाटेने पुढे जाता येतं का, की वीस वर्षांनीही त्याच खुर्चीत?

वाचनमात्र_वामन

बाकी सगळं समजलं, पण एमडीएस म्हणजे दातांचे डॉक्टर ना? नर्सिंग होममध्ये इतके दात?

सांजवात

वामनराव, दातांचा संबंध एवढाच, की त्या फॉर्ममध्ये 'एल' नावाचा एक छोटा सेक्शन तोंडाच्या आणि दातांच्या तपासणीचा आहे. :)

मुक्ता, मी बरीच वर्षं हेच करतेय. आधी एकाच बिल्डिंगमध्ये होते, आता इलिनॉयमधल्या काही बिल्डिंग्ज माझ्याकडे आहेत. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

एमडीएस म्हणजे मिनिमम डेटा सेट. मेडिकेअर-मेडिकेडची (सरकारी आरोग्यविमा योजना) मान्यता असलेल्या प्रत्येक नर्सिंग होमला प्रत्येक रेसिडेंटचं (तिथे राहणाऱ्या माणसाचं) हे असेसमेंट करून सरकारकडे पाठवावंच लागतं. नवीन रेसिडेंट आला की दाखल दिवस धरून १४ व्या दिवसापर्यंत पूर्ण असेसमेंट, मग दर तीन महिन्यांनी छोटं, वर्षातून एकदा पुन्हा मोठं. मध्येच तब्येतीत मोठा बदल झाला तर तेव्हा वेगळं. ऐकणं-दिसणं, स्मरणशक्ती, मनःस्थिती, हालचाल, लघवी-शौच, दुखणं, पडणं, गिळणं, त्वचा, औषधं, सगळं त्यात येतं. एवढं भरून झालं की २० केअर एरिया असतात. त्यातले जे ट्रिगर होतील त्यांवर विचार करायचा आणि त्यातून केअर प्लॅन उभा करायचा. बटणं दाबणं सगळ्यात शेवटी येतं.

हे कुठून आलं ते माहीत असलेलं बरं. नर्सिंग होम्समधल्या हालअपेष्टांवर १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला, १९८७ साली कायदा झाला, आणि त्या कायद्याने सगळीकडे एकसारखं असेसमेंट सक्तीचं केलं. म्हणजे मूळ हेतू काळजीचा होता. पैसे त्याला नंतर चिकटले: १९९८ पासून मेडिकेअरचा दर या असेसमेंटवरून ठरायला लागला. तेव्हापासून या खुर्चीवरच्या माणसाला दोन धनी आहेत. या कामातली सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

२०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत मेडिकेअरचा पैसा मुख्यतः थेरपीच्या मिनिटांवर चालायचा. जितकी मिनिटं तितका दर. १ ऑक्टोबर २०१९ ला पीडीपीएम ही दर ठरवायची नवी पद्धत आली आणि मिनिटं गेली. आता निदान काय, हालचाल किती, बुद्धी शाबूत आहे का, गिळताना त्रास होतो का, आयव्ही (शिरेतून औषध) आहे का, जखमा किती, यावर दर ठरतो. औषधं आणि इतर खर्चाचा जो भाग आहे, तो पहिल्या ३ दिवसांना तिप्पट मिळतो. म्हणजे नर्सने काय पाहिलं आणि काय नोंदलं याला एकदम किंमत आली. एमडीएस नर्सला मीटिंगमध्ये खुर्ची मिळाली ती तेव्हापासून. त्याआधी आम्ही थेरपीवाल्यांच्या मागे मिनिटं गोळा करत फिरायचो.

'क्लिनिकल जाईल' याचं उत्तर तुझ्यावर आहे. काही जणी खरंच दार लावून बसतात, चार्टमधून उचलतात आणि भरतात. मला त्यांचं असेसमेंट दुरून ओळखू येतं: मागच्या वेळचं आणि या वेळचं तंतोतंत सारखं. खरं काम म्हणजे सकाळी खोलीत जाऊन टाच उचलून बघणं. मागच्याच महिन्यात एका बिल्डिंगमध्ये चार्टवर 'टाचेवर लाली, स्टेज १' असं होतं. मोजा काढला तर जांभळट, मऊ, दाबलं की आजी पाय ओढून घेत होत्या. ती लाली नव्हती, डीप टिश्यू इंज्युरी होती, म्हणजे दाबाने आतल्या मांसाला झालेली इजा. त्याचा कोड वेगळा, केअर प्लॅन वेगळा, आणि डॉक्टरला फोन त्याच तासाला. हे ऑफिसात बसून कळलं असतं का?

पुढची वाट उद्या लिहिते, आता शिफ्ट संपतेय.

जुना_फिजिओ

सांजवात यांना अनुमोदन. थेरपीच्या बाजूने थोडं लिहितो, कारण एमडीएस नर्स आणि आमची रोजची कुस्ती एमडीएसच्या जीजी सेक्शनवरच असते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जुना जी सेक्शन गेला, आता हालचालीचं सगळं जीजीमध्ये. ०६ म्हणजे स्वतः करतो, ०५ म्हणजे फक्त तयारी करून दिली, ०४ देखरेख किंवा नुसता हात लावणं, ०३ म्हणजे मदतनिसाचे कष्ट निम्म्याहून कमी, ०२ म्हणजे निम्म्याहून जास्त, ०१ म्हणजे सगळं आपणच. पहिल्या ३ दिवसांत माणूस *नेहमी* जसं करतो ते लिहायचं. सर्वोत्तम नाही, सर्वात वाईटही नाही.

आता गंमत बघा. सकाळी ११ वाजता पेनकिलर लागू पडलेली, नाश्ता झालेला, आजोबा आमच्यासमोर नुसत्या हाताच्या आधाराने कमोडवर बसतात. आमची नोंद ०४. रात्री २ वाजता त्याच आजोबांना उठवताना सीएनएची (नर्सिंग मदतनीस) कंबर जाते. ती ०२. संध्याकाळची सीएनए गडबडीत ०६ टिचकवते, कारण स्क्रीनवर तेच पहिलं दिसतं. तीन नोंदी, एक माणूस. चांगली एमडीएस नर्स रात्रीच्या सीएनएला गाठून विचारते, "दादांना उठवताना तू नक्की काय काय करतेस?" आणि मग आम्ही दोघं बसून ठरवतो. वाईट नर्स आमचा आकडा कॉपी करते. त्याहून वाईट ती, जी कुठल्या आकड्याने दर वाढतो ते आधी बघते.

मुक्ताताई, तुम्ही संध्याकाळची शिफ्ट केलीये म्हणजे ही दुसरी बाजू तुम्हाला ठाऊक आहे. थेट शाळेतून एमडीएसमध्ये येणाऱ्यांकडे नेमकी तीच नसते.

अबोली_टेक्सास

सगळे गोड गोड लिहिताहेत, मी कडू बाजू सांगते. मी एमडीएस सोडून परत फ्लोअरवर आले आणि सुखात आहे.

माझ्या त्या बिल्डिंगमध्ये (नाव घेत नाही) रोज सकाळी मीटिंग आणि त्यात एकच पालुपद: "अजून काही कॅप्चर होतंय का?" म्हणजे दर वाढेल असं आणखी काही नोंदता येतंय का. फ्लोअरवर कोणी सिक कॉल केला की पहिला बळी एमडीएस नर्स. दिवसभर गोळ्या वाटायच्या आणि संध्याकाळी घरी जायच्या वेळी असेसमेंट उघडायची. पगार ठोक, त्यामुळे ओव्हरटाइम शून्य. आणि मेडिकेअरचं पहिलं असेसमेंट चुकलं तर खापर माझ्यावर, कारण उशिरा ठरलेल्या दिवसांना सगळ्यात खालचा दर मिळतो.

पण सोडलं ते या कष्टांमुळे नाही. एक उदाहरण सांगते. स्मरणशक्तीची जी मुलाखत असते, बीम्स, १५ गुणांची, त्यात तीन शब्द सांगायचे, साल-महिना-वार विचारायचा आणि मग ते तीन शब्द परत विचारायचे. १३ आणि वर शाबूत, ७ आणि खाली म्हणजे गंभीर. आमच्याकडे एक गुजराती आजी आल्या, इंग्रजी जेमतेम. सोशल वर्करने इंग्रजीत उरकून घेतलं, ४ गुण. मी फोनवरचा दुभाषी लावून परत घ्यायचं म्हटलं, तर वरून उत्तर आलं, "झालंय ना एकदा? राहू दे." का राहू दे, ते तुम्हाला सांगायला नको. गुण कमी म्हणजे स्पीच थेरपीच्या भागाचा दर जास्त. शहाण्यासुरत्या बाईला कागदावर डिमेन्शिया झाला आणि त्यावरून 'निर्णय मुलाला विचारा' इथपर्यंत गाडी गेली. मी दुभाषी लावून घेतलीच मुलाखत, १४ आले. त्यानंतर माझं तिथं जमलं नाही.

सांजवात

अबोली, तू केलंस ते बरोबरच, आणि नियमही तुझ्याच बाजूने आहे. भाषा कोणती हवी आणि दुभाषी लागतो का, हे ए सेक्शनमध्येच विचारलेलं असतं.

मुक्ता, अबोलीचा प्रतिसाद दोनदा वाच. मग हेही वाच. प्रत्येक सेक्शन जो भरतो तो स्वतःच्या भागाच्या अचूकपणाखाली सही करतो, झेड०४०० मध्ये. असेसमेंट पूर्ण झालं म्हणून आरएनची (रजिस्टर्ड नर्स) सही वेगळी, झेड०५०० मध्ये. ती पूर्ण झाल्याची सही आहे, दुसऱ्याने भरलेलं सगळं खरं आहे याची नाही. एलपीएनना (आरएनच्या खालचं लायसन्स असलेल्या नर्स) बहुतेक सेक्शन भरता येतात, पुष्कळ ठिकाणी त्याच कोऑर्डिनेटर असतात, पण ही शेवटची सही आरएनचीच लागते. आणि जाणूनबुजून खोटं प्रमाणित केलं तर कायद्यात दर असेसमेंटमागे १,००० डॉलरपर्यंत दंड लिहिलाय, दुसऱ्याकडून करवून घेणाऱ्याला ५,००० पर्यंत. महागाईप्रमाणे ते वाढवतात. दबाव आणणाऱ्याला हे शांतपणे ऐकवता येतं. मी ऐकवलंय.

दर वाढवायचे सरळ मार्गही आहेत, ते शिकायचे. उदाहरणार्थ एआरडी, म्हणजे ज्या दिवसापासून मागे मोजायचं तो दिवस. मेडिकेअरच्या पहिल्या असेसमेंटला तो १ ते ८ दिवसांत कुठलाही ठेवता येतो. सहाव्या दिवशी तुमच्याकडेच आयव्ही अँटिबायोटिक सुरू झालं आणि एआरडी पाचवा ठेवला असेल तर ते त्यात येतच नाही. सातवा ठेवला तर येतं. यात लबाडी काही नाही, झालेल्या कामाचे पैसे आहेत. लबाडी तेव्हा, जेव्हा न झालेलं लिहिलं जातं. तसलं काय काय चालतं ते सरकारलाही माहीत आहे. किती रेसिडेंटना अँटिसायकोटिक औषधं दिली जातात याच्या मापातून स्किझोफ्रेनियाचे रेसिडेंट वगळतात, म्हणून काही ठिकाणी ८० वर्षांच्या आजोबांना अचानक स्किझोफ्रेनिया व्हायला लागला. २०२३ च्या जानेवारीत सीएमएसने (मेडिकेअर-मेडिकेड चालवणारं सरकारी खातं) त्याचं ऑडिट जाहीर केलं. पकडले गेले की नर्सिंग होमचं सरकारी स्टार रेटिंग खाली.

आता पुढची वाट. बिल्डिंगमध्ये हात बसला की रीजनल एमडीएस, म्हणजे चार-सहा बिल्डिंग्जवर नजर आणि नवीन नर्सना शिकवणं. त्याच्या वर कंपनीत क्लिनिकल रिइम्बर्समेंट, म्हणजे असेसमेंटवरून मिळणाऱ्या पैशांचं काम. कोणी कन्सल्टंट होतात, कोणी घरून रिमोट असेसमेंट करतात (माझं मत विचारशील तर सुरुवात रिमोटने अजिबात करू नये, टाच फोनवर दिसत नाही). काही जणी ऑडिटच्या बाजूला जातात, राज्याकडे किंवा विमा कंपन्यांकडे. आणि डीओएन व्हायचं असेल तर ही उत्तम शाळा, कारण सर्व्हे (सरकारी तपासणी), क्वालिटी मेझर्स, केअर प्लॅन, पैसा, सगळं एकाच टेबलावरून जातं. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसणाऱ्याही आहेत, आणि त्यांतल्या काही मी पाहिलेल्या सगळ्यात उत्तम नर्स आहेत. त्यांना पुढे जायचंच नव्हतं.

आरएसी-सीटी आधी करू नको. एएपीएसीएन या संघटनेचे १० कोर्सेस असतात, दर दोन वर्षांनी नूतनीकरण. हातात खरी असेसमेंट नसताना ते नुसतं पाठांतर होतं. चार-सहा महिने काम कर, मग कर, आणि पैसे बिल्डिंगकडून घे. आत्ता फक्त आरएआय मॅन्युअल (एमडीएस कसं भरायचं त्याचं पुस्तक) वाच, सीएमएसच्या साइटवर फुकट आहे. पहिल्यांदा जे (दुखणं, पडणं), एम (त्वचा) आणि जीजी. कोणी काही सांगितलं की "मॅन्युअलमध्ये कुठे आहे?" असं विचारायची सवय लाव. आपल्याकडे सीनियर सांगेल ते प्रमाण असं शिकवतात, ते इथे नडतं.

किवीकर

ऑकलंडहून. आमच्याकडे याचाच चुलतभाऊ आहे, इंटरआरएआय. २०१५ च्या जुलैपासून सगळ्या वृद्धनिवासांत सक्तीचं. फरक असा, की इथे त्यासाठी वेगळी खुर्ची बहुतेक ठिकाणी नसते. फ्लोअरवरच्या आरएननेच ट्रेनिंग घेऊन असेसमेंट करायचं, दर सहा महिन्यांनी. फायदा: जी औषध देते तीच असेस करते. तोटा: वेळ कुठून आणायचा? रविवारी दुपारी, सगळे झोपले की. पण ट्रेनिंग घेतलेल्या आरएनला नोकरी बदलताना मान असतो, हे नक्की.

ऑस्ट्रेलियात तर २०२२ च्या ऑक्टोबरपासून एएन-एसीसी आलं. तिथे पैशासाठीचं असेसमेंट बाहेरचा माणूस येऊन करतो, होमचा नाही. आरएन, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना ती वेगळीच करिअरची वाट झाली. अबोलीताईंचा प्रॉब्लेम तिथे मुळातूनच कापलाय असं मला वाटतं.

जुना_फिजिओ

@किवीकर, अर्धाच कापलाय. बाहेरचा माणूस एकदा येऊन तासाभरात बघणार. रात्री २ चं त्याला कोण सांगणार?

किवीकर

हेही खरंय.

रंकाळा_२००३

मी कोल्हापूरला जीएनएम शेवटच्या वर्षाला आहे. मुक्ताताई, सांजवातताई, मला थेट या एमडीएससाठी अमेरिकेला येता येईल का? एजंट म्हणतो "नर्सिंग होमची ऑफर आहे, दोन वर्षांत पाठवतो". चार लाख मागतोय.

मुक्ता_न्यूजर्सी

बाळा, चार लाख अजिबात देऊ नकोस. नर्सचं काम शेड्यूल ए नावाच्या यादीत असल्यामुळे ग्रीन कार्डासाठी लेबर सर्टिफिकेशन (कामगार खात्याची मंजुरी) लागत नाही एवढाच फायदा. पण ईबी-३ ची (नर्सना लागणारा ग्रीन कार्डाचा वर्ग) भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. २०२५ मध्ये २०१३ सालच्या तारखा चालू होत्या. दोन वर्षांत पाठवतो म्हणणारा एकतर अडाणी किंवा चोर. मी आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, माझा रस्ता वेगळा.

आधी जीएनएम पूर्ण कर, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घे, जमलं तर पोस्ट बेसिक बीएस्सी. मेडिसिन वॉर्डमध्ये दोन वर्षं काढ. एनक्लेक्स तू भारतात बसूनही देऊ शकतेस. एमडीएस हा नंतरचा विषय, फ्लोअर पाहिल्याशिवाय कुणी देत नाही आणि देऊही नये.

रंकाळा_२००३

धन्यवाद ताई. आईला हा धागा वाचून दाखवला. एजंटला नाही म्हणून सांगितलंय.

सिंहगड_रोड

थोडं अवांतर. पुण्यात माझी मावशी ज्या वृद्धनिवासात आहे तिथे असं काहीच होत नाही. दाखल करताना रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि डिपॉझिट. नंतर "बऱ्या आहेत" एवढंच. आपल्याकडे हे कायद्याने का नाही?

सांजवात

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पण त्याचा भर मुलांनी पोसण्यावर आणि निर्वाह भत्त्यावर. रेसिडेंटचं एकसारखं असेसमेंट ठरावीक काळाने कराच, असं त्यात नाही.

तरी तुम्ही मागू शकता. तिथल्या सिस्टरना म्हणा, महिन्यातून एकदा तीन गोष्टी लिहून द्या. बार्थेल इंडेक्स: खाणं, अंघोळ, कपडे, संडास, चालणं असे दहा मुद्दे, १०० पैकी गुण. ब्रेडन स्केल: बेडसोअरचा धोका, ६ ते २३, गुण जितके कमी तितका धोका जास्त. आणि वजन. वजन सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याला कोणी "बरं आहे" म्हणू शकत नाही. तीन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले की तुम्हालाच दिसेल. पावसाळ्यात खोली बदलली आणि मावशींचं जेवण कमी झालं, असलं काहीतरी हमखास सापडतं.

सिंहगड_रोड

वजनकाटा आहे का तेच विचारतो उद्या. वाखु (वाचनखूण) साठवली.

अबोली_टेक्सास

मुक्ता, मी कडू लिहिलं म्हणून घाबरू नकोस हं. तुझी डीओएन कशी आहे यावर निम्मं अवलंबून. निवृत्त होणाऱ्या बाईंना एकदा जेवायला घेऊन जा, बिल्डिंगच्या बाहेर. तिथे खरं कळेल.

मुक्ता_न्यूजर्सी

गेले होते, परवा! बाईंनी सूप संपायच्या आत सगळं सांगितलं. दबाव आहे, पण डीओएन पाठीशी उभी राहते. एडमिनिस्ट्रेटर नवीन आहे, त्याला अजून काहीच कळत नाही (हे त्यांचे शब्द). आणि बाईंना फ्लोअरवर ओढतात, आठवड्यातून एकदा तरी.

सोमवारी डीओएनला हो सांगणार आहे, पण अटी घालून. बाई जायच्या आधी त्यांच्यासोबत शिकायला वेळ, आणि तो माझ्या शिफ्टमधून, वर नाही. फ्लोअरवर ओढलं तर त्या दिवशीची असेसमेंट कोण बघणार ते आधीच ठरवायचं. आणि आरएसी-सीटीचे पैसे त्यांनी भरायचे. ठोक पगारावर जावंच लागेल का, तेवढं विचारायचं होतं. शनिवार-रविवारचा जादा दर गेला तर महिन्याला चांगलाच फटका बसतोय.

सांजवात

आधी ताशी मागून बघ, काही ठिकाणी देतात. ठोकच म्हणाले तर गेल्या सहा महिन्यांच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या) काढ, शिफ्टचे आणि वीकेंडचे जादा पैसे धरून सरासरी काढ, आणि तो आकडा कमीत कमी म्हणून टेबलावर ठेव. ताशी मूळ दरावर गुणाकार करून देतील, तो घेऊ नको. फ्लोअरवर केलेल्या शिफ्टचे वेगळे पैसे मिळतील, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घे. तोंडी "बघू" म्हणाले तर सही करू नको.

आणि जे सेक्शनमध्ये पडण्याचे कोड आधी नीट वाच. पहिल्याच आठवड्यात तुला कोणीतरी "ते पडले नाहीत, हळूच खाली बसले" म्हणून येणार आहे.

मुक्ता_न्यूजर्सी

कालच आलं होतं, अजून चार्ज नर्स असतानाच. :) मॅन्युअल उघडलंय. हळूच बसवलं तरी तो फॉलच धरायचा, बरोबर?

सांजवात

बरोबर. आधार दिला नसता तर पडले असते ना, मग फॉलच. इजा झाली की नाही ते पुढच्या ओळीत.